फाटकापुढची हाक

मालकाकडे सालानं राबत होतो, तोवर कुठूनही परतलो की गाडी त्याच्या फाटकापुढे थांबवायची, चपला काढायच्या आणि ओरडायचं, "आलो जी, मालक!" आतून हुकूम यायचा, "बैलं सोड, दौलत." मगच घरी जायचं.

औंदा मी साल सोडलं. गाडी माझी, बैलही माझे, मालकाकडूनच विकत घेतलेले. रिसोडचा बाजार हिंडलो, शिरपूरचं देऊळ पाहिलं, मनाला येईल त्या झाडाखाली झोपलो. कुणाला विचारलं नाही.

परतताना दिवेलागणीला बैल सवयीनं फाटकापुढे थांबले. मी गाडीवरून उतरलोच नाही, पायांतल्या चपलाही काढल्या नाहीत. तोंड मिटून कासरा झटकला आणि ताठ मानेनं चार घरं पुढे, माझ्या घरापाशी आलो.

बायको, प्रयाग, दारात पायांवर घालायला पाणी घेऊन उभी होती.

"आज त्याले आवाज देल्ला नाही," मी उतरत म्हणालो. छाती फुगली होती.

"खोटं कायले बोलता? तुमचाच आवाज आयकून तं मी पानी घेऊन आली."

तेवढ्यात फाटकाकडून हाक आली. "आलो जी, मालक!"

आवाज माझाच होता. प्रयाग माझ्या मिटलेल्या ओठांकडे पाहत राहिली. फाटकापुढे कुणीच नव्हतं.

"बैलं सोड, दौलत," आतून मालक म्हणाला.

"मी कोनाचा नौकर नाही आता!" मी इथूनच ओरडलो. "घाल पानी, प्रयाग."

ती वाकली आणि तशीच थांबली. मी खाली पाहिलं.

माझ्या पायांत चपला नव्हत्या.