घुमटातलं अर्धं फूल

"तू जा आत. माझा गुडघा एवढ्या पायऱ्या ऐकायचा नाही," असं म्हणून नवऱ्याने राजवाड्याच्या पहिल्याच पायरीवर बसकण मारली. कमरेचं किल्ल्यांचं जुडगं सवयीने चाचपून पाहिलं. सकाळी निघताना हॉटेलच्या खोलीचं कुलूपही त्याने तीनदा ओढून पाहिलं होतं.

दोन दिवस त्याने तिला ही जुनी राजधानी हौसेने दाखवली. चित्रांची दालनं झाली, गाण्याची बैठक झाली. शंभर वर्षांच्या खानावळीत त्याने तिला आग्रह करकरून खायला घातलं. घुमटाचं नाव काढलं की मात्र म्हणायचा, "छत ते छत. मान मोडून घ्यायची हौस आहे का तुला?" पण ती आली होती ती त्या छतासाठीच. डोळ्यांना काचबिंदू झाला होता. आता नाही तर कधीच नाही.

तिचा पहिला नवरा रंगारी होता. चाळीस वर्षांपूर्वी घुमटातली जुनी चित्रं पुन्हा रंगवायला तो इथे आला, तो परत गेलाच नाही. बातमी घेऊन हाच, आत्ताचा नवरा, आला होता, त्याच कामावरून. उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला होता, "वहिनी, दोर तुटला. जागच्या जागी गेला. त्याला कळलंसुद्धा नाही." त्या एका वाक्याच्या आधारावर तिने दिवस काढले. पदरात पोर होतं. दोन वर्षांनी तिने ह्याच्याशी लग्न केलं. कधी वाईट वागला नाही.

घुमटाखाली गार होतं. वीस-पंचवीस माणसं माना वर करून उभी होती. चाळिशीचा गाइड काठीने दाखवत होता.

"ते बघा, कडेला एक फूल अर्धंच रंगवलंय. हे कुठल्या पाटीवर लिहिलेलं नाही. माझे वडील तेव्हा इथे रंगाचे डबे धरायला होते, त्यांनी मरताना मला सांगितलं. त्या दिवशी ह्या नव्या रंगकामाचं उद्घाटन होतं. बाहेर अंगणात मोठमोठी माणसं, भाषणं. आत बांबूंची परांची आदल्या दिवशीच उतरवलेली. एवढं एक फूल राहिलं म्हणून रंगारी कमरेला दोर बांधून कठड्यावरून वाकला आणि घसरला."

"दोर तुटला ना," ती म्हणाली.

"नाही, आजी. दोर पक्का होता. तोच तर घात झाला. माणूस मधोमध लोंबकळत राहिला. ना खाली, ना वर. वडील शिडी आणायला धावले, तर शिडीला साखळी, साखळीला कुलूप. ज्याच्याकडे किल्ली, तो बाहेर शेवटच्या रांगेत बसलेला. वडिलांनी जाऊन त्याच्या कानात सांगितलं. तो नुसता म्हणाला, थांब जरा, मीच येतो." गाइड सवयीने थांबला. "पाऊण तास. आधी हाका मारत होता म्हणे, मग नुसतं बायकोचंच नाव घेत होता. टाळ्या वाजल्या, शिडी आली, तेव्हा काही उरलं नव्हतं. पुढे कोणी त्या फुलापर्यंत चढायला तयार झालं नाही. चला, आता दरबाराकडे."

माणसं दरबाराकडे गेली. ती अर्ध्या फुलाकडे बघत राहिली. मग भिंतीला धरून, एकेक पायरी मोजल्यासारखी उतरली.

नवऱ्याने रुमाल झटकून तिच्यासाठी जागा केली. "झालं समाधान? चल, त्या खानावळीत आज गर्दी व्हायच्या आत पोचू."

ती बसली नाही.

"शिडीच्या कुलपाची किल्ली कुणाकडे होती हो?"

त्याचा हात कमरेच्या जुडग्यावर गेला आणि तिथेच राहिला. त्याने समोरच्या अंगणाकडे पाहिलं.

"साहेबांचं भाषण चालू होतं गं," तो म्हणाला. "मधेच कसा उठणार होतो मी?"