खाचेतली टीप

पडद्यावर प्रथिनाचा रंगीत रेणू गरगर फिरू लागला आणि तज्ज्ञ समिती हरखली. मृण्मयीनेच तो बनवला होता. कुठल्याही भागावर क्लिक केलं की तिची टीप उघडायची.

"माझं औषध बरोब्बर या खाचेत बसतं," तिचे मार्गदर्शक देवस्थळी सर म्हणाले. ते बसत नाही, हे तिने त्यांना परोपरीने सांगितलं होतं. सरांनी फक्त रंग बदलून घेतले होते.

अध्यक्षांनी हौसेने माऊस घेतला, रेणू भिंगरीसारखा फिरवला आणि नेमकं खाचेवरच क्लिक केलं. टीप उघडली: 'औषध इथे बसत नाही.' सर पांढरेफटक पडले.

"वा! अक्षरं काय सुबक आहेत!" अध्यक्ष म्हणाले. टाळ्या पडल्या. सरांच्या जिवात जीव आला.

मृण्मयी उठून अध्यक्षांना म्हणाली, "अक्षरं बघून झाली. आता वाक्य वाचा."