डोळ्यांसमोर

घरी बिअर बनवायचं सामान लोवेलने विकायला काढलं होतं. गिऱ्हाईक गॅरेजात आलं, लोवेलने त्यातला पंप चालवून दाखवला, तर तो नुसताच गुरगुरला, पाणी ओढेना. “बिघडलाय का, काका?” “हवा अडकलीय,” म्हणत लोवेलने पंप पाण्याने भरलेल्या हंड्याखाली ठेवला, तोटी सैल केली. फुस्सकन हवा सुटली, नळीतून पाणी धोधो आलं. गिऱ्हाईक खुललं. “तिची आई वारल्यापासून माझी पोरगी कॉलेज सोडून घुम्यासारखी बसलीय. दोघं मिळून बिअर बनवू. निदान डोळ्यांसमोर तरी राहील.” लोवेलचा हात थबकला. बायको गेल्यावर त्यानेही मुलासाठीच हे उभारलं होतं. मुलगा डोळ्यांसमोरच राहिला, याच गॅरेजात पीत राहिला आणि एप्रिलात त्यातच संपला. लोवेलने पंपाची पिन उपसली. “विकायचं नाही. पोरीला तळ्यावर ने, मासे पकडा.” “डेट्रॉइटहून आलो मी! आधी सांगायचंत!” लोवेलला हुंदका आवरेना. “मलाही कुणी आधी सांगितलं नव्हतं रे.”