रिकामा डबा
घर आवरलं की मन हलकं होतं, असं मोबाईलवरच्या बाईनं छातीठोकपणे सांगितलं, म्हणून उल्कानं स्वयंपाकघरातली ट्रॉली उपसली आणि मागून समोरच्या घरातल्या परचुरेकाकूंचं नाव कोरलेला स्टीलचा डबा निघाला. उल्काच्या बाळंतपणात काकूंनी त्यातून डिंकाचे लाडू दिले होते. रिकामा डबा परत कसा करायचा, म्हणून तो राहिला. राहिला तो राहिलाच, आणि आता तोंड कसं दाखवायचं, म्हणून उल्का जिन्यात काकूंना चुकवायला लागली. गेल्या वर्षी काका गेले, तेव्हाही तिचं दार उघडलं नाही. आज तिनं डबा घासला, त्यात वाटीभर साखर ओतली आणि समोरची बेल वाजवली. काकूंनी झाकण उघडलं. “साखर? अगं, मला मधुमेह आहे.” “काकू, रिकामा कसा आणायचा...” “आणायचास की,” काकू म्हणाल्या. “हे गेले तेव्हा तर रिकाम्या हातांनीच यायचं होतं.”