कोरडा पोशाख

नलूचे केस ओले होते, पण तलावाच्या कपडे बदलायच्या खोलीत दोरीवर टाकलेला तिचा पोहायचा पोशाख हाताला कोरडा लागला.

“मी तुमच्या आधीच पोहून घेतलं गं,” थर्मासमधला चहा ओतत ती म्हणाली. आठवडाभर हेच चाललं होतं. लहानपणी पाठीला डबा बांधून आम्ही दोघी कृष्णेत पोहायला शिकलो. तिचं खोटं मला तेव्हापासून ओळखू येतं. पुढच्या महिन्यात साठीपुढच्या बायकांची रिले होती. पलीकडच्या तलावाच्या संघाने हिला फोडलं असणार. ही पहाटे त्यांच्याकडेच सराव करून येत असणार.

दुसऱ्या दिवशी मी लवकर जाऊन दाराआड उभी राहिले. नलू आली. डाव्या कानात कापसाचा बोळा दाबून ती तांब्याने केसांवर पाणी घेऊ लागली.

“नलू, काय चाललंय हे?”

ती दचकली. “कानाचा पडदा फाटलाय. डॉक्टरांनी पोहणं कायमचं बंद केलंय.”

“मग सांगायचं नाही?”

“पाण्यात उतरणार नाही तिला चहा नाही, हा आपलाच नियम ना? घरी एकटीने चहा पिऊन बघ एकदा.”

बाहेर बाकीच्यांचा गलका ऐकू आला.

“केस भिजवतेस, वेडे, आणि पोशाख कोण भिजवणार?” मी तो बादलीत बुचकळला, पिळला आणि दोरीवर टाकला.

“नलूचं झालं गं पोहून,” दार उघडून मी सांगितलं. “चहा तीच ओतेल.”