एका शब्दाचा फोन

गुलनारचे बाबा तेहरानमधल्या एका सुधारणावादी दैनिकाचे संपादक होते. दैनिकावर बंदी आली, तशी आपला फोन कुणीतरी ऐकतंय याची त्यांना खात्री पटली. मग आतल्या गोष्टी ते लेकीने शिकवलेल्या मोडक्यातोडक्या मराठीत सांगू लागले. तळेगावात नोकरीला असलेली गुलनार त्या फोनवरच जगत होती.

आज फोन आला, तेव्हा पलीकडे दारावर थापा पडत होत्या. बाबा फक्त "येतो" म्हणाले आणि फोन कट झाला.

शेजारच्या शहिस्ताखाला कालवण घेऊन आल्या, तर ही अंधारात बसलेली.

"दिवा लावायचं पण जिवावर आलं का गं? बाबांचा फोन नाही आला?"

"आला. 'येतो' म्हणाले."

"या अल्ला! मग रडतेस काय, वेडे? आमची जाड गादी देते त्यांना. माझ्या हातचं खाऊन तेहरान विसरतील बघ!"

खाला लगबगीने गादी आणायला गेल्या. गुलनारने त्यांना थांबवलं नाही.

 

घरातून निघताना 'जातो' म्हणायचं नसतं, हे बाबांना तिनेच शिकवलं होतं.