हुकलेली टिटवी

भिंगारहून आलेला कॅमेरावाला दोन दिवस बांधाकडंच तोंड करून बसलाय, हे कडूबाईच्या डोळ्यांत सलत होतं. "तुझा नवरा बांध कोरून आमचं रान खातो," असा आळ शेजारच्या जावेनं घेतला होता. कडूबाईनं देवाची आण घेऊन तिला चारचौघांत खोटं पाडलं होतं. आता पुरावा गोळा करायला तिनंच हा धाडला असणार! ती तडक त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. "काय काढलंय, दाखवा!" "टिटवी काढतोय, मावशी. पण सगळे फोटो हुकलेत." त्यानं कॅमेरा पुढं केला. कुठं नुसती शेपटी, कुठं रिकामं आभाळ. कडूबाईला हसू फुटलं. "असलं कशाला ठेवता?" "चुकलेल्या फोटोंवरूनच शिकतो." पुढच्या फोटोत टिटवी पुसट होती, मागचा बांध मात्र लख्ख आला होता, आणि बांधावर कुदळ मारणारा कडूबाईचा मालकही. "एवढा पुसून टाका," ती हळूच म्हणाली, "ह्यात शिकण्यासारखं काई न्हाई."